सिंक आणि बॅकअप: घरच्या संगणकासाठी नेमके काय हवे?

घरच्या संगणकातील फोटो आणि कागदपत्रे गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये जातात, म्हणजे त्यांचा बॅकअप झाला, असे बरेच जण धरून चालतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर सिंक करण्याच्या सोयीलाच ‘बॅकअप’ म्हटले आहे.

सिंकचे काम म्हणजे प्रत्येक ठिकाणची फाइल एकसारखी ठेवणे. त्यामुळे चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते. प्रबंधाच्या फाइलमधील दोन प्रकरणे नकळत पुसली गेली आणि फाइल आपोआप सेव्ह झाली, की थोड्याच वेळात लॅपटॉपवर, फोनवर आणि क्लाउडवरही तीच अपुरी फाइल दिसू लागते. फाइल डिलीट झाली तर गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. चूक लगेच ध्यानात आली तर एवढी मुदत पुरते; पण वर्षातून एखाद्या वेळीच उघडल्या जाणाऱ्या जुन्या फोटोंच्या फोल्डरमधून काही नाहीसे झाले, तर ते महिन्याभरात कोणाच्या लक्षात येणार?

बॅकअप मात्र कालची फाइल कालच्यासारखीच जपून ठेवतो. मॅकवर २००७ पासून असलेले टाइम मशीन गेल्या २४ तासांतील दर तासाची, गेल्या महिन्यातील दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत डिस्क भरेपर्यंत सांभाळते. विंडोजमधील फाइल हिस्टरीही बाहेरच्या डिस्कवर अशाच जुन्या आवृत्त्या ठेवते. फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून संगणकावरून काढून टाकणे हा मात्र बॅकअप नव्हे, कारण तेव्हाही प्रत एकच उरते.

दोहोंपैकी एकच करणे शक्य असेल, तर माझ्या मते आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामच्या) तावडीत संगणकाबरोबरच सापडते. चोरी किंवा आग लागली तर घरातली डिस्कही वाचत नाही, म्हणून दुसरी प्रत घराबाहेर हवी. अधूनमधून बॅकअपमधील एखादी जुनी फाइल परत आणून ती खरोखर उघडते का, हेही पाहावे.