गिगाहर्ट्झ जास्त म्हणजे कॉम्प्युटर फास्ट?

‘जुना असला तरी 3.8 गिगाहर्ट्झचा आहे, नव्या 2.4 वाल्याला ऐकणार नाही’ हे सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना हमखास कानावर येतं. एकाच जातीच्या दोन प्रोसेसरमध्ये हा हिशेब बऱ्यापैकी जमतो, म्हणूनच तो इतका टिकला.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यातून कळत नाही. इंटेलचा पेंटियम 4 हा प्रोसेसर 2004 मध्ये 3.8 पर्यंत पोचला. ठोके वाढवायला त्यात प्रत्येक सूचनेचं (प्रोग्रॅम प्रोसेसरला देतो त्या आदेशाचं) काम 31 टप्प्यांत तोडलं होतं. पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं सगळं फेकून पुन्हा सुरुवात. तापायचाही भरपूर. इंटेलच्याच 2006 च्या कोअर 2 ड्युओ प्रोसेसरमध्ये टप्पे 14 आणि एका ठोक्यात चार सूचना हाती घ्यायची सोय. त्यामुळे 2.4 वर चालणारा त्याचा एकच कोअरही (प्रोसेसरमधला काम करणारा स्वतंत्र भाग) बहुतेक कामांत 3.8 वाल्याच्या पुढे जायचा.

पडताळायला दोन्ही मशीनवर सेव्हन-झिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमची एकच आवृत्ती टाका (फुकट आहे), टूल्समधला बेंचमार्क (वेगाची चाचणी) उघडा, डिक्शनरी साइझ सारखा आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) 1 ठेवून रेटिंग पाहा. मग थ्रेड वाढवून पुन्हा पाहा. चार्जर, पंखा ठीक आहे ना, तेवढं आधी बघा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.