हस्तिदंतावर उजळलेली कांती

अठराव्या शतकातील रोकोको या नाजूक, अलंकारिक युरोपीय शैलीचे एखादे तळहातात मावणारे व्यक्तिचित्र पाहताना त्यातील चेहरा आतून उजळल्यासारखा का भासतो, याचे उत्तर रंगांत कमी आणि रंगांखालच्या हस्तिदंतात अधिक आहे. त्याआधीची सुमारे दोन शतके युरोपातील लघुचित्रकार वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर काम करीत आणि चेहऱ्याच्या जागी आधी त्वचेच्या रंगाचा अपारदर्शक थर देऊन त्यावर नाक-डोळे रेखीत. १७००च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने तपकिरीच्या डब्यांसाठी चित्रे काढता काढता हस्तिदंताचा काप वापरण्याची पद्धत रुजवली.

कोलॅजन या प्रथिनाच्या जाळ्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक, अशी हस्तिदंताची घडण असते. त्यावर पारदर्शक जलरंगाचा विरळ हात दिला, की प्रकाश रंगातून पार होऊन हस्तिदंतात थोडा खोलवर शिरतो, तेथे विखुरतो आणि पुन्हा रंगातूनच गाळून बाहेर येतो. मानवी त्वचेतही प्रकाश असाच शिरतो व विखुरतो. म्हणूनच ही कांती इतकी जिवंत वाटते. मात्र हा पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित तेलकट असल्याने त्यावर जलरंग नीट धरत नाही. त्यासाठी पुढील चित्रकार हस्तिदंत प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या पुडीने घासून घेत, डिंक मिसळलेला रंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी लावीत, आणि काही जण मागे चांदीचा वर्खही बसवीत. हा सारा खटाटोप हत्तीच्या जिवावर चाले, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

१७०५ साली रोमच्या सान लुका या कलावंतांच्या अकादमीत कारिएराला प्रवेश मिळाला, तो हातात पांढरे कबूतर घेतलेल्या मुलीच्या हस्तिदंती चित्रावर. ख्रिस्ती परंपरेत हे कबूतर निष्पापतेची खूण आहे, तर रोमन पुराणकथांत ते प्रेमदेवता व्हीनसचे पाखरू आहे. माझ्या मते रोकोको प्रतीकांचे मर्म याच दुहेरीपणात आहे. कुत्रा निष्ठेचा आणि गुलाब प्रेमाचा, एवढे तर सर्वांनाच ठाऊक होते. सरदारघराण्यांतील स्त्रिया फुलांची देवी फ्लोरा किंवा चंद्रकोर ल्यालेली शिकारीची देवी डायना यांच्या रूपातही स्वतःला रंगवून घेत. पण चित्र अंगावर वागवायचे असल्याने ते कोठे ल्यायचे, यालाही अर्थ होता. मनगटातील कड्यात किंवा गळ्यातील पदकात बसवलेल्या चित्रामागे कधी त्या व्यक्तीच्याच केसांची बट असे, आणि पदक उलटल्याखेरीज ती दिसत नसे.

हस्तिदंत हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो. त्यामुळे पातळ काप वाकतो, प्रसंगी तडकतो. प्रकाशाचे भय त्याहून मोठे आहे. गालांवरच्या लालीसाठी वापरलेला कार्माइन हा रंग कोचिनियल किड्यांपासून मिळे. ‘कार्माइन’ आणि आपला ‘किरमिजी’ हे दोन्ही शब्द ‘किर्मिझ’ या एकाच अरबी शब्दाशी नाते सांगतात. हा रंग उजेडात विटतो, त्याच्या शेजारचे खनिज रंग मात्र बहुधा टिकून राहतात. म्हणून संग्रहालये ही चित्रे मंद प्रकाशात ठेवतात. उघड्यावर राहिलेल्या अनेक चेहऱ्यांवर आज निळसर सावल्या तेवढ्या उरल्या आहेत. मिटलेल्या डबीत राहिलेल्या चित्रांत मात्र गालांवरची लाली अजून शाबूत आढळते.