८० च्या वळणावर १३८: आर्केड रेसिंगचं सोयीचं भौतिकशास्त्र

सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर ५० मीटर त्रिज्येचं वळण आहे. टायर आणि डांबर यांच्यातला घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण १ धरला, तर गाडीला ते वळण ताशी ८० किलोमीटरच्या आतच घ्यावं लागतं. त्याहून वेग जास्त असेल तर ती बाहेर फेकली जाते. हिशोब सोपा आहे. घर्षणगुणांक, गुरुत्वत्वरण (९.८) आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की सेकंदाला २२ मीटर हे उत्तर येतं. आता आर्केड रेसिंगमध्ये, म्हणजे खरेपणापेक्षा मजेला महत्त्व देणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये, हाच गुणांक ३ ठेवला, तर तेच वळण ताशी १३८ किलोमीटरच्या वेगाने निघतं. ब्रेकचंही तसंच. ताशी २०० वरून थांबायला खऱ्या गाडीला दीडशेहून जास्त मीटर लागतात, इथे पन्नासेक पुरतात.

पण नुसती पकड वाढवली तर खेळ मिळमिळीत होतो. गाडी जिकडे वळवाल तिकडे मुकाट जाते. आर्केड रेसिंगची खरी कारागिरी आहे ती ड्रिफ्टमध्ये, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण घेण्यात. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकतो, त्यांत थोडा कोन असतो. खऱ्या टायरची पकड हा कोन ६ ते १० अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक असते. त्यापुढे ती घटत जाते, वेग पडतो आणि गाडी सावरणं अवघड होतं. आर्केड गेम ही घट जवळपास काढूनच टाकतो. शिवाय गाडीचा वेग तिच्या नाकाच्या दिशेला वळवणारं एक छुपं बल जोडतो. म्हणून गाडी ३०-४० अंश आडवी झाली तरी वेग फारसा कमी होत नाही.

नामकोच्या १९९३ च्या ‘रिज रेसर’मध्ये ही गंमत ठळकपणे अनुभवायला मिळते. वळणाच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग वळणाकडे फिरवायचं आणि लगेच पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायचा. मागची चाकं बाहेर निघाली की उलट्या बाजूला हलकं स्टीअरिंग देऊन गाडी सांभाळायची. नवखा खेळाडू बहुधा चुकतो तो शेवटी. नाक वळणाच्या बाहेर पडण्याच्या दिशेला आलं तरी तो उलटं स्टीअरिंग धरून ठेवतो. पकड एकदम परत येते आणि गाडी दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर आदळते. नाक जागेवर येण्याच्या आधीच स्टीअरिंग सैल सोडलं की हे टळतं.

त्याआधीच्या गेममध्ये तर वळणच खरं नव्हतं. सेगाच्या १९८६ च्या ‘आउट रन’च्या पिढीत रस्त्याच्या आडव्या रेषा कमीजास्त सरकवून तो वाकलेला दाखवत. वळण चालू असेपर्यंत प्रोग्राम गाडीला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, थोडं बाहेर ढकलत राही. वेग जास्त तर ढकलणंही जास्त. एवढ्यावर हाताला वळणाचा ताण जाणवतो! अचूक भौतिकशास्त्रापेक्षा हाताला पटणारं भौतिकशास्त्र इथे मोलाचं ठरतं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

डोळ्यांचीही अशीच समजूत घातली जाते. वेगाचा अंदाज मेंदू बराचसा जमीन डोळ्यांसमोरून किती झपाट्याने सरकते यावरून बांधतो, आणि ते अवलंबून असतं वेग भागिले डोळ्यांची उंची यावर. ताशी १०८ म्हणजे सेकंदाला ३० मीटर. कॅमेरा १.२ मीटरवर असेल तर सेकंदाला २५ ‘उंच्या’ सरकतात, ०.६ मीटरवर आणला की ५०. गाडी तीच, वेग तोच, थरार मात्र दुप्पट. नायट्रो, म्हणजे थोडा वेळ जादा वेग देणारं बटण, दाबल्यावर दृश्याचा कोन रुंदावतो. त्यामुळे कडेचे खांब ताणले जाऊन सपासप मागे पळतात, पण मधला भाग लहान दिसतो आणि पुढचं वळण उशिरा लक्षात येतं. ज्यांना मळमळतं त्यांनी सेटिंगमध्ये मोशन ब्लर (वेगात चित्र धूसर करणारा परिणाम) आणि कॅमेऱ्याचा थरथराट बंद करावा. डोळे ‘धावतोय’ म्हणतात आणि आतला कान ‘बसलोय’ म्हणतो, हा झगडा त्यामुळे जरा निवतो.

उशिरा मिळणारा प्रतिसाद मात्र सगळ्यावर पाणी फिरवतो. ताशी २०० च्या वेगात ०.१ सेकंदाचा उशीर म्हणजे साडेपाच मीटर, गाडीच्या लांबीहून जास्त. स्टीअरिंग सुस्त वाटत असेल तर गेमला बोल लावण्याआधी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी.

प्रतिस्पर्धी गाड्यांचं गणितही अनेक गेममध्ये सोयीचं असतं. तुम्ही पुढे गेलात की त्यांचा वेग वाढतो, मागे पडलात की कमी होतो, म्हणजे चुरस टिकते. अशा गेममध्ये पहिल्या फेरीत नायट्रो उधळून मिळवलेली आघाडी टिकत नाही. तो शेवटच्या फेरीतल्या लांब सरळ पट्ट्यासाठी राखून ठेवावा, कारण तिथून शेवटच्या रेषेपर्यंत मागच्यांना अंतर भरून काढायला वेळच उरत नाही.