दोरीतला चौकोन आणि काकांचं रान

सोयाबीन काढायला आलं की आमच्या औसा तालुक्यात कृषी सहायक दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन शिवारात येतात. कुणाचं रान, म्हणजे कोणता गट नंबर, हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या अंकांनी आधीच ठरलेलं असतं. तिथे एक चौकोन आखायचा, तेवढंच पीक काढून मळायचं आणि तोलायचं. अशा मोजक्या चौकोनांवर काही गावं मिळून झालेल्या अख्ख्या महसूल मंडळाचा विमा ठरतो.

एकेका शेताऐवजी अख्ख्या क्षेत्राच्या सरासरीवर विमा देण्याच्या या पद्धतीमागे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेच्या या संचालकांनी १९७१ मध्ये नीळकंठ रथांसोबत देशातली गरिबी मोजली. दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जातील एवढा खर्च झेपत नसेल, तर तो गरीब. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढंही न झेपणारे खेड्यांत ४० टक्के निघाले, शहरांत ५०. पुढे १९८४ मध्ये त्यांच्याच समितीने राज्याचा ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांतल्या विकासाची बाकी, मांडला, त्यात मराठवाड्याचे ७५०.८५ कोटी. ‘अनुशेष’ आमच्याकडे चहाच्या टपरीवरही बोलतात!

पीकविम्याबद्दल त्यांनी लिहिलं ते सत्तरच्या दशकात. शेत न् शेत तपासायचा खर्च परवडणारा नाही, शिवाय विमा आहे म्हणून खुरपणी टाळणाऱ्यालाही पैसे जायचे. मंडळाची सरासरी मात्र कुणाला एकट्याने पाडता येत नाही. मागच्या ७ वर्षांतली वाईट २ सोडून सरासरी समजा हेक्टरी १२ क्विंटल आली, जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या जेवढ्या हिश्शाची हमी तो, ७० टक्के, तर उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई ते, ८.४. यंदा मंडळात ६.३ निघाले तर तूट पाव हिश्शाची, म्हणून सगळ्यांना विमा रकमेच्या २५ टक्के. ८.५ निघाले तर कुणालाच छदाम नाही.

यात दांडेकरांची एक अट होती : क्षेत्र एकजिनसी हवं. पाऊस, जमीन, पीक सारखं असेल तरच शेजाऱ्याचं नुकसान ते माझं. तेरणेकाठची काळी आणि वरचा मुरमाड माळ एकाच मंडळात घातले की हिशेब बरोबर येऊनही माणूस बुडतो. मला दोष गणितात दिसत नाही, मंडळाच्या शिवेत दिसतो. पूर्वी नुकसान ७२ तासांत कळवलं तर एकट्याच्या रानाचाही पंचनामा व्हायचा. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पुन्हा फक्त मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आली.

काकांचं रान नदीकडेला. एका वर्षी शेंगा पाण्यातच उगवल्या, आणि चौकोन पडला माळावर. दोरीचं टोक काकांनीच धरलं होतं. काटा वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “सायब, आमचा गट कवा निगंल?”