किती खाल्ले आणि किती वेळा खाल्ले

दात किडला की दोष गोडाला दिला जातो आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे; पण गोडाने दात नेमका कसा किडतो, हे विचारल्यास उत्तर सहसा अर्धवट मिळते. साखर स्वतः दाताला काहीच करत नाही. दोन दातांच्या फटींत, दाढांच्या खाचांत आणि हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर सतत तयार होत असतो. हे जिवाणू साखरेवर जगतात आणि ती पचवताना त्यांच्यापासून जे आम्ल बाहेर पडते, ते दात पोखरते. बर्लिनमध्ये संशोधन करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांतील खनिज विरघळले. पावाऐवजी मांस किंवा चरबी वापरली तेव्हा तसे झाले नाही. १८९० साली त्यांनी मांडलेल्या या उपपत्तीत पुढे पुष्कळ भर पडली, पण तिचा गाभा आजही तोच आहे.

दाताचे बाह्य आवरण, म्हणजे इनॅमल किंवा दंतवल्क, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. या कठीणपणाची किंमत अशी की त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर पुन्हा जुळते, इनॅमलचा तुकडा गेला की तो कायमचा जातो. शिवाय दगडासारखे वाटणारे हे आवरण आम्लापुढे टिकत नाही. दातालगतच्या द्रवाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते, आणि तो पुन्हा वर गेला की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत बसू लागतात. ही देवघेव प्रत्येकाच्या तोंडात रोज, अनेकदा चालते. कीड म्हणजे या हिशेबात दीर्घकाळ साचत गेलेली तूट होय.

या हिशेबातील वेळेचे महत्त्व रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात केलेल्या मोजणीतून स्पष्ट झाले. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरील थराचा सामू काही मिनिटांतच झपाट्याने खाली येतो आणि मूळ पातळीवर परतायला त्याला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवला जाणारा या चढउताराचा आलेख माझ्या मते प्रत्येक घरात पोहोचायला हवा, कारण त्यातून निघणारा साधा हिशेब डोळे उघडणारा आहे. दिवसातून तीन वेळा खाणाऱ्याच्या दातांना आम्लाचे तीन झटके बसतात. जेवणांखेरीज चहा, बिस्किटे, चॉकलेट, सरबत असे काहीतरी मिळून दिवसातून दहा वेळा तोंडात गेले आणि प्रत्येक झटका केवळ अर्ध्या तासाचा धरला, तरी दात पाच तास आम्लात राहतात. दोन चमचे साखर घातलेला कप पाच मिनिटांत संपवला काय आणि तेच पेय बाटलीत भरून दुपारभर घोट घोट घेतले काय, पोटात जाणारी साखर सारखीच. दातांच्या बाबतीत मात्र या दोन्हींमध्ये मोठे अंतर आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेतून आला, आणि तो अत्यंत अन्याय्य मार्गाने आला, हेही सांगितलेच पाहिजे. १९४० च्या दशकात तेथील बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, त्यांची संमती न घेता, वेगवेगळ्या प्रकारे गोड खायला देऊन त्यांच्या दातांचे काय होते हे पाहण्यात आले. काहींना जेवणासोबत भरपूर साखर दिली गेली. त्यांच्या दातांतील कीड थोडीच वाढली. काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली गेली, कधी दिवसाला चोवीसपर्यंत. त्यांचे दात झपाट्याने किडले. गोड थांबल्यावर नव्या किडीचा वेगही मंदावला, पण गमावलेले दात परत येणार नव्हते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर दंतवैद्यकाचा आजचा आहारविषयक सल्ला बऱ्याच अंशी उभा आहे, आणि ज्यांच्या दातांनी ती किंमत मोजली त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

या प्रयोगाचा एक चुकीचा अर्थ मात्र काढला जातो, तो असा की जेवणासोबत कितीही साखर खाल्ली तरी चालते. प्रत्यक्ष जीवनात जो जास्त गोड खातो तो बहुधा जास्त वेळाही खातो, त्यामुळे प्रमाण आणि वारंवारता यांना वेगळे काढणे अवघड असते. दुसऱ्या महायुद्धात जपानसह अनेक देशांत साखर दुर्मिळ झाली, तेव्हा दातांची कीड घटली आणि युद्धानंतर साखरेबरोबर तीही परतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतील साखर मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅमहून कमी असावी, असे सुचवले. त्यामागे दातांविषयीचा पुरावाही होता.

सर्व कर्बोदके सारखी घातक नसतात. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, दुहेरी नुकसान करते: तिच्यापासून आम्ल तर होतेच, शिवाय स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू तिच्यापासूनच तो चिकट पदार्थ बनवतात, ज्याच्या आधाराने त्यांचा थर दाताला घट्ट धरून राहतो. निसर्गाने घडवलेला एक प्रयोग येथे बोलका आहे. काही लोकांना जन्मतःच फ्रुक्टोज (फळांत आणि नेहमीच्या साखरेतही असणारी एक शर्करा) पचत नाही, म्हणून ते साखर आणि गोड फळे आयुष्यभर टाळतात, पण पिष्टमय पदार्थ खाऊ शकतात. त्यांच्या दातांत कीड फारच कमी आढळते. म्हणजे नुसते पिष्ट बरेच सौम्य आहे. पीठ बारीक दळून, भाजून वा तळून, साखर घालून केलेल्या कुरकुरीत खाऊला मात्र ही सूट लागू होत नाही. त्याचा लगदा दाढांच्या खाचांत बराच वेळ चिकटून राहतो. अखंड फळ चावताना लाळ सुटते आणि त्यातील साखर पेशींच्या आत बांधलेली असते. त्याचाच रस काढला की ती मोकळी होते.

जिवाणूंचा काहीही संबंध नसलेले नुकसान वेगळेच. लिंबाचा रस आणि कोलासारखी पेये यांचा सामू २ ते ३ च्या आसपास असतो, आणि ती थेट इनॅमल झिजवतात. पेय साखरविरहित असले तरी हा धोका कमी होत नाही. असे काही घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ पडलेला पृष्ठभाग घासल्याने अधिक झिजतो.

या साऱ्यात दातांची खरी पाठराखण लाळ करते. ती आम्ल सौम्य करते, अन्नकण धुऊन नेते आणि खनिजे परत पुरवते; टूथपेस्टमधील फ्लोराइड या दुरुस्तीला बळ देते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. झोपेत मात्र लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्री ब्रश केल्यानंतर खाल्लेला एक छोटासा गोड घास दिवसा खाल्लेल्या तशाच घासाहून अधिक महागात पडतो, आणि गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात कोवळ्या वयातच काळे पडतात.

उतारवयात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जाते, याचे मला वाईट वाटते. हिरड्या मागे सरकल्याने दातांची मुळे उघडी पडतात, आणि मुळांवर इनॅमल नसल्याने तेथील खनिज ५.५ हून बरेच वरच्या सामूलाही विरघळू लागते. त्यातच रक्तदाब, नैराश्य वा ॲलर्जीवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते. कोरड बरी वाटावी म्हणून माणूस लिमलेटची गोळी चघळत राहतो, आणि ज्या दातांना लाळेचे संरक्षण उरलेले नाही त्यांनाच दिवसभर साखर मिळत राहते. अशा वेळी पाण्याचे घोट घ्यावेत किंवा झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेले साखरविरहित च्युइंगगम चघळावे. जिवाणूंना झायलिटॉलपासून आम्ल बनवता येत नाही आणि चघळण्याने उरलीसुरली लाळही सुटते. तोंड सतत कोरडे राहत असेल तर ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे, कारण पुष्कळदा औषध किंवा त्याची मात्रा बदलता येते.