कॉफीवरील किडींशी निगडित बुरशी

कॉफीच्या झाडावर जगणाऱ्या किडींच्या अंगावर, पोटात आणि त्यांनी पोखरलेल्या पोकळ्यांत अनेक जातींच्या बुरशी राहतात. त्यांपैकी काही किडीचे अन्न होतात, काही तिच्या अंगावरून नुसत्या इकडून तिकडे जातात, तर काही तिचा जीव घेतात. शेतीत शेवटच्या गटाचीच चर्चा अधिक होते. परंतु काही किडींचे जगणेच बुरशीवर अवलंबून असते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

रोबस्टा कॉफीच्या कोवळ्या फांद्या पोखरणारा झायलोसँड्रस कॉम्पॅक्टस हा काळा भुंगेरा याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या अळ्या लाकूड खात नाहीत; मादीने शरीरातील खास कप्प्यातून आणलेली बुरशी फांदीतील पोकळीच्या भिंतींवर वाढते आणि तिच्यावरच त्या पोसल्या जातात. फांदी मात्र वाळून जाते.

कॉफीची फळे पोखरणारा हायपोथेनेमस हॅम्पी हा मूळचा आफ्रिकेतला भुंगेरा 1990 मध्ये निलगिरीत आढळला आणि पुढे कोडगू व वायनाडमध्ये पसरला. त्याच्यासोबत फ्युझेरियम, पेनिसिलियम व अ‍ॅस्परजिलस या प्रजातींतील बुरशी आढळतात. मेक्सिकोतील चियापास येथे त्याच्याशी निगडित पेनिसिलियम ब्रोकी या नव्या जातीचे वर्णन 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. फ्युझेरियम सोलानीपासून या किडीला आवश्यक स्टेरॉल (वाढीसाठी लागणारा स्निग्ध पदार्थ) मिळते, असे मत मांडले गेले होते. नंतरच्या अभ्यासातून मात्र अशा सहजीवनाला आधार मिळाला नाही. अ‍ॅस्परजिलस ऑक्रेशियस ही ऑक्रॅटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशीही या भुंगेऱ्यावर सापडली आहे.

बव्हेरिया बॅसियाना ही या भुंगेऱ्याची मारक बुरशी. तिचा बीजाणू किडीच्या अंगाला चिकटून रुजतो, विकरे आणि दाब यांच्या जोरावर कठीण आवरण भेदतो आणि आत पसरतो. कीड मेल्यावर फळाच्या छिद्रापाशी पांढरी कापसासारखी वाढ दिसते. मादी फळात खोलवर शिरण्यापूर्वीच या बीजाणूंचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे असते, हवेत भरपूर ओलावा लागतो आणि कडक उन्हात बीजाणू टिकत नाहीत. म्हणून फवारणीची वेळच यश ठरवते.

लेकॅनिसिलियम लेकॅनी (महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची व्हर्टिसिलियम) कॉफीवरील हिरव्या खवले किडीभोवती पांढरे कडे करून तिला मारते. हीच बुरशी कॉफीच्या तांबेऱ्यावरही (पानांवरील बुरशीजन्य रोगावरही) वाढते. तांबेऱ्यासाठी मारलेले बुरशीनाशक तिलाही अपाय करू शकते, त्यामुळे बुरशीनाशक आणि ही बुरशी एकाच वेळी योजणे हिताचे नसते.