व्यवसायोपचार : करिअर म्हणून निवड

आजार, अपघात, जन्मजात व्यंग किंवा मानसिक विकार यांमुळे ज्यांना रोजची कामे जड जातात, त्यांना ती पुन्हा आणि शक्य तितकी स्वतःच्या हाताने करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराला व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. भारतात या विषयाचे पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. नागपुरात ‘मेडिकल’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळत असल्याने विदर्भातील विद्यार्थ्यांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

ही निवड पुष्कळदा विचारपूर्वक होत नाही. एमबीबीएस हुकले, बीडीएस परवडत नाही, फिजिओथेरपीची जागा गेली, तेव्हा उरले ते घेतले, अशा उतरत्या क्रमाने अनेक जण येथे पोहोचतात. अशांपैकी काहींना हे काम पुढे मनापासून आवडतेही. पण तो नशिबाचा भाग झाला.

फिजिओथेरपीशी असलेला फरक आधी समजून घ्यावा. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत फिजिओथेरपिस्टचा भर मुख्यतः ताकद, तोल आणि चालणे यांवर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र त्याच रुग्णाला एका हाताने भाकरी मोडणे, सदऱ्याची गुंडी लावणे, न्हाणीघरात न घसरता अंघोळ करणे शिकवतो आणि गरजेप्रमाणे चमच्याची मूठ जाड करणे किंवा भारतीय शौचकुपावर खुर्ची बसवणे असे उपायही सुचवतो. दोन्ही कामे एकमेकांत मिसळतात, ही गोष्ट वेगळी.

हाताचे उपचार हे या शाखेचे खास क्षेत्र आहे. गरम पाण्यात मऊ केलेली थर्मोप्लास्टिकची पट्टी रुग्णाच्या मनगटावर बसवून ती कडक होण्याआधी हव्या त्या कोनात धरावी लागते; कडा टोचत राहिली तर रुग्ण ती घरी जाऊन काढून ठेवतो. कुष्ठरोगात कोपरामागून हाताकडे जाणारा अल्नर मज्जातंतू बाधित झाला की करंगळी व अनामिका वाकतात आणि संवेदना गेल्याने गरम पेल्याचा चटका कळत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे विदर्भाला या रोगाची ओळख आहेच. अशा रुग्णाला भांडे कापडाने धरण्याची सवय लावणे हाही उपचारच असतो.

स्वतःची पारख करायची असेल, तर परवानगी काढून एखाद्या विभागात काही दिवस बसावे आणि उपकरणांपेक्षा रुग्णांकडे लक्ष द्यावे. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला पेला तोंडापर्यंत नेण्यास कित्येक महिने लागू शकतात, आणि तेवढा काळ आईवडिलांनाही धीर द्यावा लागतो. हे पाहताना कंटाळा येत असेल, तर पुस्तकी हुशारीने तो भरून निघत नाही. शरीररचनाशास्त्राचा अभ्यास मात्र कुणालाच चुकत नाही.

प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम आंतरवासिता धरून साडेचार वर्षांचा राहिला आहे. व्यवसायोपचारासारख्या आरोग्यसेवा व्यवसायांसाठी झालेल्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर नियम बदलत असल्याने त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. सरकारी पदे मोजकीच असतात. खाजगी क्षेत्रात स्वमग्नता आणि विकासातील विलंब असलेल्या मुलांच्या केंद्रांत काम मिळते. अमेरिकेत काम करायचे असल्यास पदव्युत्तर पदवी आणि तेथील परवाना परीक्षा यांची तयारी वेगळी करावी लागते.